फ्रेंच की जर्मन? शाळेच्या फॉर्मपुढे अडलेल्या पालकांसाठी

मार्च महिना आला की शाळेचा एक छोटा फॉर्म घरी येतो. ‘फ्रेंच / जर्मन, एकावर खूण करा.’ खाली पालकांची सही. मुदत बहुतेक शुक्रवारची. मग पालकांच्या ग्रुपवर धडाधड मेसेज सुरू होतात. जर्मन स्कोरिंग आहे ना? फ्रेंचला कॅनडा मिळतं म्हणे? कुणाचा भाऊ स्टुटगार्टला, कुणाची नणंद माँट्रियलला. शेवटी मुलाची जिवलग मैत्रीण जिथे, तिथे खूण.

आमच्या घरी थोरलीने फ्रेंच घेतलं, धाकट्याने जर्मन. दोन्ही पुस्तकं एकाच टेबलावर पसरलेली पाहिली आहेत, दोन्हींच्या चाचण्या, दोन्हींच्या कटकटी. त्यावरून माझं मत बनलं ते असं: भाषा कोणती हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न शिकवणार कोण, दुसरा ती कुठल्या इयत्तेपर्यंत टिकणार. या दोहोंची उत्तरं मिळाली की खूण कुठे करायची ते बरंचसं आपोआप ठरतं.

१. मिळतंय काय याआधी सुटतंय काय ते पाहा

परकीय भाषा वेळापत्रकात कुठल्या तरी दुसऱ्या भाषेच्या जागी बसते. सीबीएसईच्या शाळांत ती आजवर सहावी ते आठवी तिसरी भाषा म्हणून आणि नववी-दहावीत दोन भाषांपैकी एक म्हणून घेता येत आली. आयसीएसईत दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून येते. राज्य मंडळाच्या काही इंग्रजी शाळांत आठवीपासून पर्याय मिळतो, आणि अकरावी-बारावीला तर जर्मन-फ्रेंचच्या तुकड्या भरलेल्या असतात.

महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. त्यामुळे व्यवहारात बळी जातो तो हिंदीचा नाहीतर संस्कृतचा. घरी संस्कृतची आवड असेल, मूल स्तोत्रं-सुभाषितं हौसेने म्हणत असेल, तर ‘परदेशी भाषा मिळतेय ना’ म्हणून ती संधी घालवू नका. हा पर्याय फॉर्मवर छापलेला नसला तरी शाळेत असू शकतो. विचारा.

दुसरी गोष्ट नियमांची. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय हव्यात असं आहे. इंग्रजी परकीय धरली की तिघींत फ्रेंच-जर्मनला जागा उरत नाही, ती जादा विषय म्हणून घ्यावी लागते. त्यामुळे शाळा भाषांची मांडणी बदलत आहेत. वर्षाच्या मधे असा बदल झाला तर काय होतं ते २०१४मध्ये दिसलं. केंद्रीय विद्यालयांत सहावी ते आठवीला जर्मन तिसरी भाषा होती. ती नोव्हेंबरात, वर्ष निम्मं सरल्यावर काढली आणि तिच्या जागी संस्कृत आणली. तेव्हा शेजारच्या काकूंचा मुलगा कसा शिकला यावर विसंबू नका. त्याच्या वेळचा नियम तुमच्या मुलाला लागू असेलच असं नाही.

२. शाळेला हे प्रश्न विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागा

- दोन्ही भाषांचे शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर?
- त्यांची स्वतःची पातळी काय? बी२ किंवा त्यापुढची परीक्षा झाली आहे (परकीय भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत जातात), की विद्यापीठाचा डिप्लोमा?
- आठवड्याला तास किती? वर्गात मुलं किती?
- ही भाषा दहावीपर्यंत आहे की आठवीला संपते?
- बोर्डाच्या परीक्षेत ती मुख्य विषय असेल की जादा?
- कमी मुलांनी निवडली तर तुकडी रद्द होते का? किमान आकडा किती?

शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि जूनमध्ये तोच अंगाशी येतो. फ्रेंचवर खूण केलेली मुलं कमी भरली म्हणून सगळ्यांना जर्मनमध्ये बसवल्याची उदाहरणं पुण्यात चिक्कार आहेत.

शिक्षकांविषयी जरा जास्त सांगते, कारण माझ्या लेखी सगळं इथेच आहे. थोरलीच्या शाळेत सातवीच्या मध्यावर फ्रेंचच्या बाई सोडून गेल्या. नव्या बाई येईपर्यंत पीटीचे सर तासाला बसत आणि मुलं पुस्तकातली चित्रं रंगवत. गणिताचं असं झालं असतं तर आपण घरी शिकवलं असतं, शेजारी क्लास शोधला असता. फ्रेंचला घरात कोण आहे? इंग्रजी-मराठीसारखी ही भाषा रस्त्यावर, टीव्हीवर, आजीच्या तोंडी कानावर पडत नाही. मुलाच्या कानी पडणारी भाषा म्हणजे त्या एका बाईंचा आवाज. त्या चांगल्या असतील तर त्यांची भाषा निवडा, मग ती कोणतीही असो. ओपन हाउसला त्यांना भेटून एवढंच विचारा, ‘तुमच्या तासाला मुलं किती बोलतात?’ उत्तरात ‘पोर्शन’ हा शब्द आधी आला तर समजून जा.

३. मराठी मुलाला कुठली भाषा कुठे जड जाते

इंग्रजी लेखांत ‘जर्मन कठीण, फ्रेंच सोपी’ असं सर्रास लिहिलेलं असतं. ते इंग्रजी घरातल्या मुलांसाठी. आपलं गणित वेगळं आहे.

जर्मनमध्ये तीन लिंगं: डेर, डी, डास. इंग्रजांना याचा धसका. आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. खुर्ची ‘ती’ का आणि टेबल ‘ते’ का, असं आपलं पोर कधी विचारत नाही. नामाला लिंग असतं हे त्याला पटवावं लागत नाही, फक्त कुठल्या शब्दाचं कुठलं ते पाठ करावं लागतं. सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी. फ्रेंचमध्ये बरोबर उलटं. यावर आमच्या घरी जेवताना भांडण झालं होतं.

विभक्तीचंही तसंच. कर्म झालं की पुल्लिंगी ‘डेर’चा ‘डेन’ होतो. आपण ‘कुत्रा’चं ‘कुत्र्याला’ करतोच की. ‘कारण’ म्हटल्यावर जर्मन क्रियापद वाक्याच्या टोकाला जातं, ते आपलं कायमचंच तिथे असतं. उलट साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी आणावं लागतं, तिथे मराठी मुलं चुकतात. काही क्रियापदांचा एक तुकडा सुटून वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. तो विसरला की मार्क गेला.

आकड्यांत तर जर्मन थेट आपली. त्रेपन्न म्हणताना आपण तीन आधी घेतो, मग पन्नास. जर्मनमध्ये ‘ड्राय-उंड-फ्युन्फ्त्सिश’, तीन आणि पन्नास. २०१९ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पन्नास तीन’ असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जर्मन लोकांना तो बरोबर कळला असता. फ्रेंचमध्ये सत्तरपासून पुढे वेगळीच तऱ्हा: ऐंशी म्हणजे ‘चार विसा’, चार वेळा वीस. खेड्यातल्या जुन्या माणसांना हे ओळखीचं वाटेल, सहावीतल्या पोराला नाही. नव्व्याण्णव म्हणजे चार विसा, दहा आणि नऊ.

जर्मनचं लेखन सरळ. थोडे नियम कळले की दिसेल ते वाचता येतं. प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू करायचं, एवढं अंगवळणी पडायला वेळ लागतो. दोन-तीन शब्द जोडून आगगाडीसारखा एक शब्द होतो, तो मुलांना भीतीपेक्षा गंमतच वाटतो.

फ्रेंचची अडचण कान आणि हात यांच्यामधल्या दरीत आहे. पक्ष्यासाठीचा शब्द रोमन लिपीत सहा अक्षरांचा, म्हणायचा ‘वाझो’. ‘मी बोलतो’, ‘तू बोलतोस’, ‘ते बोलतात’ या तिन्हींत क्रियापदाचा उच्चार ‘पार्ल’, लिहायचं मात्र तीन तऱ्हांनी. थोरलीच्या श्रुतलेखनाच्या वहीत पहिल्या वर्षी लाल शाई जास्त आणि निळी कमी असायची. ऐकून सगळं समजायचं, तोंडी उत्तरं फटाफट, कागदावर मात्र शेवटची न उच्चारली जाणारी अक्षरं गळालेली. ज्या मुलाचं इंग्रजी स्पेलिंग कच्चं आहे त्याला फ्रेंच देताना दोनदा विचार करा, असं मी स्पष्ट सांगेन.

पण फ्रेंचच्या बाजूनेही बरंच आहे. इंग्रजीतले हजारो शब्द तिथूनच आलेत, त्यामुळे वाचन लवकर जमतं. आठवीच्या मुलीला परिच्छेदाचा अंदाज शब्दकोशाशिवाय येतो. लिंगं दोनच. नामाला विभक्तीची भानगड नाही. नाकातले स्वर पुण्या-मुंबईच्या मुलांना शिकावे लागतात, कोकणी बोलणाऱ्या घरांत ते आयतेच असतात. गोव्यात काही शाळांत पोर्तुगीज असते. ती शिकलेल्या मुलाला फ्रेंच फार परकी वाटत नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही भाषांत आहेत, बाईंना चुकून ‘तू’ म्हटलं तर दोन्हीकडे कान उपटले जातात.

थोडक्यात मूल नियम आवडणारं, जोड्या लावणारं, गणितात रमणारं असेल तर जर्मन त्याला लवकर पकडते. नकला करणारं, गाण्याचा कान असलेलं, वाचनवेडं असेल तर फ्रेंच. हा ढोबळ अंदाज आहे, पत्रिका नव्हे.

४. घरी आठवडाभर दोन्ही चाखून पाहा

क्लासला पैसे भरायच्या आधी हे करा. जर्मनसाठी डॉइचे वेले आणि फ्रेंचसाठी टीव्ही५मोंद या तिकडच्या वाहिन्या, दोन्हींचे सुरुवातीचे धडे इंटरनेटवर फुकट आहेत. रोज वीस मिनिटं, एक दिवस ही, एक दिवस ती. आपण शेजारी बसायचं, शिकवायचं नाही. आठवड्याअखेर पाहायचं की मूल कुठले शब्द आपणहून बडबडतंय. धाकटा तिसऱ्या दिवशी भाजीवाल्यासमोर जर्मनमध्ये दहापर्यंत मोजत होता. आमचा फॉर्म तिथेच भरला गेला.

५. ‘स्कोरिंग’ या शब्दापासून सावध

दोन्ही स्कोरिंग आहेत. शाळेतला पेपर म्हणजे उतारा, व्याकरणाच्या गाळलेल्या जागा, छोटं पत्र, धड्यावरचे प्रश्न. नमुना ठरलेला असतो. सीबीएसईत ८० गुणांचा लेखी पेपर आणि २० अंतर्गत. पाठांतर करणाऱ्या मुलाला नव्वदीपार जायला दोन्हींत सारखेच कष्ट पडतात. नव्वदीपार गेलेल्या मुलाला स्वतःचा दिनक्रम चार वाक्यांत सांगता येत नाही, हेही दोन्हींत सारखंच.

राज्य मंडळाच्या पालकांसाठी एक खड्डा. अकरावी सायन्सला बायफोकल घेतलं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स, तर दुसरी भाषा सुटते. दहावीपर्यंत शिकलेलं जर्मन तिथे थांबतं. दुसरा खड्डा कॉलेजचा: हव्या त्या कॉलेजात ती भाषा आहे का, आणि आधी येते असं धरून शिकवतात की मुळाक्षरांपासून, हे प्रवेशाआधी विचारा.

६. परदेशाचं गणित, खरं तेवढंच

सहावीतल्या मुलाच्या मास्टर्सचा विचार करून भाषा निवडू नका, एवढं म्हणून झालं तरी तुम्ही करणारच. तेव्हा निदान नीट माहितीवर करा.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे खरं. पण अपवाद वाढलेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४पासून फी लावली. राहण्याच्या खर्चाची सोय दाखवायला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात, हा २०२४चा आकडा. बॅचलर्स बहुतांशी जर्मनमध्ये असतं, त्याला साधारण सी१ पातळी लागते, आणि नुसत्या आपल्या बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही. मधे इथल्या कॉलेजचं वर्ष, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड किंवा तिकडचं श्टुडिएनकोलेग (विद्यापीठाआधीचा तयारीचा अभ्यासक्रम) यातलं काहीतरी करावं लागतं. इंग्रजीतून मास्टर्स करणाऱ्याला प्रवेशापुरती जर्मन लागत नसली तरी घर शोधताना आणि नोकरी धरताना लागते. बारावीनंतर आउसबिल्डुंग, म्हणजे कारखान्यात किंवा रुग्णालयात विद्यावेतन घेत व्यवसाय शिकणं, याला सर्वसाधारणपणे बी१ किंवा त्यापुढची जर्मन हवी.

फ्रान्समध्ये सरकारी विद्यापीठांची फी युरोपबाहेरच्यांसाठी २०१९पासून वाढली. तेव्हा बॅचलर्सला वर्षाला २,७७० युरो आणि मास्टर्सला ३,७७० ठरली होती. बरीच विद्यापीठं त्यात सूट देतात. २०३०पर्यंत भारतातून ३०,००० विद्यार्थी घ्यायचं उद्दिष्ट राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी २०२४मध्ये सांगितलं.

आणि कॅनडा. फ्रेंच येणाऱ्यांना तिथल्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठीच्या (पीआर) निवडीत, फायदा मिळतो, हे बरोबर. पण शाळेत असताना दिलेली डेल्फ ही फ्रेंचची परीक्षा तिथे चालत नाही. टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा द्यावी लागते आणि तिचा निकाल दोन वर्षांच्या आतला हवा. ‘मुलीचं डेल्फ झालंय, आता पीआरची चिंता नाही’ असं म्हणणाऱ्यांना हे हळूच सांगा.

पुण्यात नोकरीपुरतं पाहिलं तर चाकण-पिंपरी पट्ट्यात फोक्सवॅगन, मर्सिडीज, बॉश, केएसबी अशा जर्मन कंपन्या डोळ्यांसमोर असतात. फ्रेंच कंपन्याही कमी नाहीत, कॅपजेमिनीसारख्या. फक्त त्यांच्या पाट्या पाहून ‘ही फ्रेंच’ असं पटकन लक्षात येत नाही. दोन्हीकडे शाळेतल्या ए२वर कुणी नोकरी देत नाही. बी२ लागतं, आणि ते शाळेबाहेरच होतं.

७. बाहेरच्या परीक्षा कधी

जर्मनसाठी ग्योटे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्या मॅक्सम्युलर भवनच्या परीक्षा. शाळकरी वयासाठी ‘फिट इन डॉइच’, ए१ आणि ए२ पातळीच्या. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के. फ्रेंचसाठी डेल्फची शालेय आवृत्ती: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं प्रत्येकी २५ गुण. एकूण ५० लागतात आणि प्रत्येक भागात किमान ५. डेल्फचं प्रमाणपत्र कायमचं असतं. आलियाँस फ्राँसेझ ही फ्रेंच शिकवणारी संस्था या परीक्षा घेते. पुणे आणि मुंबईत दोन्ही संस्था आहेत.

घाई करू नका. शाळेतली दोन वर्षं झाली की ए१ आरामात जमते. शाळेच्या परीक्षेपेक्षा इथे ऐकणं आणि बोलणं तपासलं जातं, त्यामुळे खरी पातळी इथेच कळते. बारावीनंतर पुढे शिकायचं तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे आणि मुंबईत कालिन्याला विद्यापीठाचे फ्रेंच व जर्मन विभाग.

८. फॉर्म भरताना जवळ काय हवं

- भाषा निवडीचा फॉर्म, भरून झाल्यावर त्याचा फोटो
- शाळेच्या ईमेल उत्तराची प्रत
- शाळा बदलून येत असाल तर आधीच्या प्रगतिपुस्तकात भाषेचं नाव स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं ‘थर्ड लँग्वेज’ असेल तर पत्र मागून घ्या
- बदली होणाऱ्या नोकरीत असाल तर पुढच्या गावी ती भाषा कुठे मिळेल याचा अंदाज. जिल्ह्याच्या ठिकाणी बरेचदा दोन्ही नसतात
- बाहेरच्या परीक्षेसाठी पासपोर्ट किंवा आधार, आणि सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकसारखं

साहित्य फार लागत नाही. शाळेचं पुस्तक आणि वर्कबुक, पण परदेशी प्रकाशनाचं असेल तर किंमत ऐकून बसावं लागतं, म्हणून वरच्या वर्गातल्यांकडून जुनं मिळतंय का बघा. मात्र वर्कबुक कोरं हवं. जर्मनवाल्यांना तीन रंगांची पेनं: निळं पुल्लिंगी, लाल स्त्रीलिंगी, हिरवं नपुंसकलिंगी. आमच्या फ्रिजवर निळी चिठ्ठी, दारावर लाल आणि खिडकीवर हिरवी अजून आहे. फ्रेंचवाल्यांना हेडफोन. आणि दोघांनाही सक्त ताकीद: उच्चार देवनागरीत लिहून ठेवायचे नाहीत. मी या लेखात लिहिलेत ते तुमच्या सोयीसाठी. मुलाने तसं केलं तर फ्रेंचचे नाकातले स्वर आणि जर्मनचा ओठ गोल करून म्हणायचा ‘इ’ कायमचे बिघडतात, आणि परीक्षेत स्पेलिंगही आठवत नाही.

९. पहिले तीन महिने, आणि बदलायचं झालं तर

सुरुवातीच्या चाचणीत गुण भरपूर पडतात, कारण आकडे, रंग, नावगाव यापुढे पुस्तक गेलेलं नसतं. त्यावर हुरळून क्लास बंद करू नका, आणि लगेच लावूही नका. खरी परीक्षा दिवाळीनंतर, जर्मनमध्ये कर्म-विभक्ती आणि फ्रेंचमध्ये अनियमित क्रियापदं आली की सुरू होते. तिथे मूल महिनाभर रडकुंडीला आलं तर ते साहजिक आहे.

मात्र पहिल्या चाचणीपर्यंतच मूल त्या तासाला जायला टाळाटाळ करू लागलं, वही कोरी राहू लागली, तर जुलैअखेरच्या आत वर्गशिक्षकांना भेटा. बहुतेक शाळा पहिल्या सत्रात बदल करू देतात, पुढे नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, चुकलेल्या धड्यांची यादी मागा. सीबीएसईत नववीची नोंदणी एकदा झाली की दहावीला भाषा बदलणं जवळपास अशक्य असतं, तेव्हा बदलायचीच असेल तर आठवी संपायच्या आत.